मागची रांग

"मागं कायले जातं वं? पुढं जे आहे तेच मागं आहे. लिही आन् चाल बाहेर!" ठवकर काका कोल्ड रूमच्या दारातून ओरडले.

मी ऐकलं नाही. यावरून मी धीट होते असं कुणी समजू नये. काकांना मी घाबरत होतेच, पण साल्पेकर साहेबांना त्याहून जास्त घाबरत होते. दोन भीतींमधली जी मोठी असते तिचंच माणूस ऐकतं.

साल्पेकर साहेब आमच्या हॉटेलच्या अकाउंट्सचे प्रमुख. हॉटेल नागपुरातलं, बऱ्यापैकी मोठं. लग्नसराईत पंगतींवर पंगती उठायच्या. तिथल्या किचनच्या मोरीवर मी तीन वर्षं कढया घासल्या. सकाळी कॉलेज, दुपारपासून कढया. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी मी परत मोरीवर. शेवटी धीर करून अकाउंट्समध्ये अर्ज दिला. साहेबांनी तो वाचला, मग साबणानं सोलवटलेले माझे हात पाहिले आणि म्हणाले, "काही दिवस ठेवून बघतो तुम्हाला. मे अखेरची मोजणी तुम्ही करायची. जमली तर राहाल. नाही जमली तर मोरी आहेच." ते शिपायालासुद्धा अहो-जाहो करत. त्यामुळे त्यांची धमकी सभ्य वाटायची आणि जास्त लागायची.

वडिलांचा हातमाग केव्हाच बंद पडला होता. घरात कमावणारी मी एकटी. मोरीवर परत जायचं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कमरेत उसण, आणि बी.कॉम. झालेली हेडाऊंची पोरगी कढया घासते म्हणून गल्लीभर हसू.

मोजणीची आमच्याकडे एक रीत होती. स्टोअरकीपरनं माल मोजून मोठ्यानं सांगायचा, अकाउंट्सच्या माणसानं लिहायचा. खोली मोजून झाली की स्टोअरकीपर तिच्या दारावर खडूनं फुली मारी. दुपारची जेवणं उरकली की किचनमधला शालिक फेरी मारी आणि फुली दिसेल त्या दाराला बाहेरून कुलूप घाली, म्हणजे इथं मोजलेली कोंबडी तिथं जाऊन दुसऱ्यांदा मोजली जायला नको. शालिक आत डोकावून बघत नसे. त्याला तसं कुणी सांगितलेलंच नव्हतं. फुली म्हणजे कुलूप, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

ठवकर काका स्टोअरकीपर. हॉटेल सुरू झालं तेव्हापासूनचे. केस पांढरे, कपाळाला बुक्का, आणि तोंडात सदा काहीतरी चघळत असल्यासारखा हलणारा जबडा. मोरीवर असताना माझा साबण त्यांच्याकडूनच यायचा. कमी कधी दिला नाही, जास्तही कधी दिला नाही. किचनमधले बाकीचे त्यांना वचकून असत. मीही.

कोल्ड रूममध्ये मांस-मासळीची खोकी छताला भिडतील अशी रचलेली. पुढच्या रांगेआड मागची रांग दिसत नव्हती, म्हणून मी भिंतीकडेच्या फटीतून आत घुसले. अंगावर सुती सलवार-कुडता. जाडा कोट एकच होता आणि तो बाहेर खिळ्याला टांगलेला. पाच मिनिटांसाठी कशाला घालायचा, असं मला वाटलं. बाहेर नागपूरचा मे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. जरा गार वाटलं तर बरंच, असंही मनात आलं.

"अवं ये पोरी!" काका माझ्यामागे आत आले. "आजवर कोनी मागं गेलं नाई. साहेब सोता आले तरी दारातूनच पाहून जातेत. तू कोन लागून गेली?"

त्यांच्यामागे दार मिटलं. जड दार, ते आपोआपच मिटायचं. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. मग बाहेरून खट्ट असा आवाज आला.

काकांचा जबडा हलायचा थांबला.

"काय झालं, काका?"

"शालिकनं कुलूप घातलं."

"असं कसं घातलं? फुली कुठे मारलीये आपण?"

काकांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मारली आहे. सकाळीच मारून ठेवली. दर महिन्याले सकाळीच मारतो मी. इथं आत येऊन मोजते कोन?"

मी फटीतून बाहेर आले ते दारावरच जाऊन आदळले. दोन्ही हातांनी दार बडवलं, शालिकच्या नावानं हाका मारल्या. वीतभर जाडीचं दार, वर मशीनचा घरघराट. माझी हाक मलाच धड ऐकू येईना. दाराशेजारी घंटीचं बटण होतं. ते दाबलं, परत दाबलं, मग मुठीनं ठोकलं.

"ते मुकं आहे," काका म्हणाले. "दोन सालं झाले."

"मग आता?"

"साहेबाले तुहा कागद पायजे. कागद नाई आला तर तो पाहाले येईन. पन चहा घेतल्याबिगर तो मानूस खुर्ची सोडत नाई. पाच वाजाचा चहा."

"आत्ताच तर जेवणं झाली!"

"हाव," काका म्हणाले. "जेवनं झाली."

भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. जन्मभर मी पालीला, शिक्षकांना, मोरीच्या मुकादमाला घाबरत आले, आणि शेवटी मरण यायचं ते पापलेट-कोंबड्यांच्या शेजारी, भर उन्हाळ्यात, गारठून. हसू येण्यासारखंच होतं. मला आलं नाही. मी खरंच मरणार आहे, असं मला वाटलं.

थंडीचा पहिला मार नाकावर बसला. श्वास घेतला की आत टोचायचं. मग कान. मग बोटं अशी झाली की पेन हातात आहे की पडलं हे बघून ठरवावं लागायचं. वरच्या कोपऱ्यात मोठा पंखा होता, गार हवा फेकणारा. ती सरळ अंगावर यायची. कुठेही उभं राहा, यायचीच. ओढणी डोक्याला गुंडाळली, तिच्यातूनही आली.

"हालत राय," काका म्हणाले. "उभी नको राहू. पाय आपट."

मी पाय आपटले. काकाही आपटत होते. साठीला आलेला माणूस आणि मी, समोरासमोर उभे राहून पाय आपटतोय. त्यांच्या भुवयांवर पांढरं धरायला लागलं होतं. त्यांच्या अंगात नुसता अर्ध्या बाह्यांचा सदरा.

"काका, खोकी फोडू या," मी म्हणाले. "पुठ्ठा अंगाखाली घेऊ, अंगावर घेऊ."

माझ्या डोक्यात ते कुठून आलं कुणास ठाऊक. आमच्या गल्लीत थंडीत रिक्षावाले पुठ्ठ्यावर निजायचे, त्यावरून असेल. मी पुढच्या रांगेतल्या एका खोक्याला हात घातला. पुठ्ठा आतल्या बर्फाशी एकजीव झालेला. ओढलं तर नुसता कोपऱ्याचा एक तुकडा निघाला, नख उलटलं आणि खोकं तसूभर हललं नाही. दुसरं पाहिलं, तेही तसंच. दगडाची भिंतच.

"निघत नाही," मी म्हणाले आणि रडायला लागले. डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गार झालं.

काका पाय आपटायचे थांबले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पाठीमागच्या फटीकडे बघत होते. मला वाटलं, झालं. म्हातारा गेला. आता याच्याशेजारी मी एकटी.

"काका! बोला ना काहीतरी!"

"प्रमिला," ते म्हणाले. त्यांनी मला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ. "आपन इथून निघालो, तर इथलं जे आहे ते जसंच्या तसं लिहिशीन काय?"

हे काय विचारणं झालं? पोहायला न येणाऱ्यानं बुडता बुडता पाण्याचा भाव विचारावा तसं मला वाटलं. दात वाजत होते, शब्द धड निघत नव्हते.

"लिहीन ना. तेच तर काम आहे माझं. नाही तर साहेब परत मोरीवर धाडतील."

"जसंच्या तसं?"

"हो, काका! का असं विचारता?"

"काई नाई," ते म्हणाले.

ते तसेच उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला झोप येऊ लागली होती. थंडीत झोप येणं वाईट, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं तेव्हा उपयोगी पडेना. एवढंच वाटत होतं की जरा खाली बसावं. मी बसलेच असावे, कारण पुढे आठवतं ते काकांनी मला काखेत हात घालून उठवल्याचं.

"ऊठ. मागं चाल. त्या फटीत."

"मागे कशाला?"

"पुठ्ठे आहेत."

त्यांनी मागच्या रांगेतलं वरचं खोकं एका हातानं उचललं. एका हातानं. चिकटपट्टी नीट लावलेली, वर शिक्का, आणि म्हाताऱ्यानं ते रिकाम्या टोपलीसारखं खाली घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. गुडघ्याखाली घालून दाबलं की खोकं मिटायचं. आत काही नव्हतं. एकाही खोक्यात काही नव्हतं.

मी बघत राहिले. माझ्या गोठलेल्या डोक्यातसुद्धा तेवढं शिरलं.

"पाहतं काय? धर!" काका ओरडले.

मग आम्ही वेड्यासारखे तुटून पडलो. दोन पुठ्ठे त्यांनी खोक्यांवर चढून पंख्याच्या तोंडाशी कोंबले. हवेचा मार थांबला तेव्हा मला जवळजवळ ऊन लागल्यासारखं वाटलं. उरलेले खाली अंथरले, भिंतीला लावले, वर छपरासारखे टेकवले. त्या खोपट्यात आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. काकांची पाठ हाडकुळी होती आणि थरथरत होती. माझी बोटं त्यांनी माझ्याच काखेत दाबायला लावली.

"झोपाचं नाई," ते म्हणाले. "दिडकी येते?"

"काय?"

"दिडकी. पाढा. शाळेत शिकवला नाई काय मास्तरनं?"

"आमच्या वेळी नव्हता."

"मंग काय घंटा बी.कॉम. केलं? म्हन माह्यामागून. एक दिडकी दीड. दोन दिडके तीन."

मी म्हटलं. चुकले की ते कोपरानं ढोसायचे. बऱ्याच वेळानं, पाढ्याच्या मध्येच, त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी विचारलं नव्हतं.

"पयले जुना मॅनेजर न्यायचा. घरी पार्टी असली की मासे, कोंबडी, गाडीत टाकून. चिठ्ठी द्याचा नाई. मी मागतली तर म्हने, ठवकर, तुमचं तुम्ही जुळवा. मी जुळवलं. रिकामं खोकं पट्टी लावून मागं ठेवलं. तो गेला बदली होऊन. खोकं रायलं इथंच."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"कोनाले? अन् सांगतलं असतं तर पयला मीच गेलो असतो." ते थांबले. पाठ थरथरत होती. "खोटं कायले बोलू. मंग मीबी नेलं. येवढी जागा मागं रिकामी पडली, कोनी पाहत नाई, तर नेलं. तो न्यायचा त्याहून जास्त मी नेलं असन."

"काका, तुम्हाला मला हे सांगायची काय गरज होती?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता. मी इतकी भ्यालेली, आणि हा माणूस माझ्या डोक्यावर अजून एक ओझं ठेवतोय.

"तुले मोजाचं आहे नं," ते म्हणाले. "चाल. पुढं म्हन. सात दिडके?"

"साडेदहा."

"आठ?"

आठ दिडके बारा मी म्हटलं की नाही, आठवत नाही. दार उघडलं ते मला आवाजावरून कळलं नाही, ऊब आली त्यावरून कळलं. साल्पेकर साहेबांचा आवाज आला, "शालिक! अरे शालिक! माणसं आहेत आत!" साहेबांना कुणाला अरे-तुरे करताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आम्हाला किचनमध्ये तंदूरजवळ आणून बसवलं. अंगावर टेबलक्लॉथ घातले, हातात चहाचे कप दिले. शालिक समोर उभा राहून नुसता रडत होता आणि "फुली होती जी, फुली होती" एवढंच म्हणत होता. त्याला कुणीच रागावलं नाही. बोटांत रक्त परत यायला लागलं आणि इतकं दुखलं की मी ओठ चावला.

साहेब माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. चेहरा पार उतरलेला. त्यांच्या हातात माझा कागद होता. तो आत कुठेतरी पडला होता तो शालिकनं उचलून आणलेला. पुढच्या रांगेपर्यंतचे आकडे भरलेले, मागच्या रांगेची ओळ कोरी.

"हेडाऊबाई, आता मोजणी राहू द्या," ते म्हणाले. "ही एक ओळ उरलीये ना? गेल्या महिन्याचा आकडा टाका आणि सही करा. परत आत जायचं नाही. तुमच्या नोकरीचं पत्र मी आजच काढतो. एवढं झाल्यावर तुम्हाला मोरीवर कोण पाठवील?"

त्यांनी पेन पुढे केलं.

मी काकांकडे पाहिलं. ते शेजारच्याच स्टुलावर, टेबलक्लॉथमध्ये गुरफटून बसलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते. कपात बघत होते. आतले पुठ्ठे शालिकनं नुसते बाजूला सारलेले होते; कशाचे, ते विचारायला त्याला सुचलं नव्हतं. उद्या सकाळी काका ते भंगारात घालतील, नवी खोकी पट्टी लावून मागे ठेवतील आणि कुणाला काही कळणार नाही. माझी नोकरी पक्की, त्यांची नोकरी पक्की. मला एका आकड्याशिवाय काही लिहायचं नव्हतं, आणि तो आकडाही साहेबांनीच सांगितलेला.

मला काकांना वाचवायचं होतं. हे मी आज, इतक्या हॉटेलांच्या हिशेबांवर सह्या केल्यानंतरही, जसंच्या तसं सांगते. त्या म्हाताऱ्यानं माझा जीव वाचवला होता आणि मला त्याला वाचवायचं होतं. पण मी त्याला आतमध्ये "लिहीन" म्हणाले होते. ते ऐकूनच तो मागं गेला होता. तो "लिहीन" ऐकून तसाच उभा राहिला असता, तर आम्ही दोघंही तंदूरजवळ बसलो नसतो.

"साहेब," मी म्हणाले. पेन घेतलं नाही. परत म्हणाले. "साहेब, मागची रांग रिकामी आहे."

"काय?"

"खोकी रिकामी आहेत. सगळी. त्यांचेच पुठ्ठे होते ते."

किचनमध्ये कुणीतरी झारा खाली ठेवला. साहेब वळले.

"ठवकर?"

काकांनी मान वर केली. मला वाटलं, आता हे मला शिव्या देतील, नाही तर हात जोडतील. दोन्हीला मी सारखीच घाबरत होते.

"बरोबर आहे, साहेब," ते म्हणाले. "पोरीनं मागं जाऊन पाहिलं. बरोबर मोजलं तिनं."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मी कुठी सांगतलं? तिनं सांगतलं."

ते उठले. उठताना गुडघ्यावर हात दाबावा लागला. टेबलक्लॉथ नीट घडी करून स्टुलावर ठेवला. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडायला त्यांना वेळ लागला, बोटं अजून वळत नव्हती. शालिक मदतीला पुढे आला तर त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. जुडगा सुटला तसा त्यांनी तो साहेबांपुढे न ठेवता माझ्या मांडीवर ठेवला.

"काका..." मी म्हणाले.

"चूप," ते म्हणाले. "चहा पी, थंडा होते."

आणि ते स्टाफच्या दारानं बाहेर उन्हात गेले.

किल्ल्या अजून गार होत्या. कुडत्यातून मांडीला लागत होत्या. आत कुलूप लागलं तेव्हा मी मरायला घाबरले होते. आता सगळं हॉटेल उघडं होतं, नोकरी माझी होती, आणि मी त्याहून जास्त घाबरले होते. आता मागच्या रांगेत काय आहे ते दर महिन्याला मला जाऊन पाहावं लागणार होतं, आणि तिथं कोण सापडेल ते माहीत नव्हतं.

साहेबांनी पेन परत पुढे केलं. या वेळी मी ते घेतलं. कोऱ्या ओळीत मी शून्य काढलं आणि खाली सही केली.